चिखलात रुतलेली फोर बाय फोर काढायची कशी? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून सरत आला की हे प्रश्न यायला लागतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत येतच राहतात. विचारणारे बहुतेक राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर भागातले. गाडी नवी असते, रविवार मोकळा असतो, आणि तिंछा, चोरल, जानापाव किंवा गुलावटच्या वाटेवर पाऊस झालेला असतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. गाडी आत्ताच रुतलेली असेल तर थेट प्रश्न २ वाचा.

१. फोर बाय फोर घेतली, तरी गाडी रुततेच कशी?

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचते. पकड मात्र टायर आणि जमीन यांच्यातच मिळते, ती गाडी देऊ शकत नाही. चारही चाकं निसरड्यावर असली की चारही नुसती फिरतात. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये (एकाच धुरीवरच्या, म्हणजे अॅक्सलवरच्या, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) ज्या चाकाला अडवणूक कमी तेच फिरतं, त्यामुळे प्रत्यक्षात पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं गरगरत राहतात. डिफरन्शियल लॉक असेल तर त्या धुरीवरची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. म्हणून लॉक असलेली फोर्सची गुरखा गाडी तुलनेनं लवकर निघते.

दुसरं कारण आपली माती. माळव्याचं पठार बेसाल्टचं, आणि त्याची झीज होऊन झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच वाटेनं पाणी खोल मुरतं. ही माती टायरच्या खाचांत मळलेल्या कणकेसारखी बसते आणि दोन-चार फेऱ्यांत नवाकोरा टायर गुळगुळीत होतो. पहिल्या पावसात वरचा थर निसरडा असला तरी खाली घट्ट जमीन लागते. ऑगस्टच्या शेवटी देपालपूर-सांवेर पट्ट्यातल्या शेतरस्त्यावर तसा तळ लागेलच असं नाही. दोन दिवस ऊन पडलं की वर खरपुडी धरते आणि रस्ता वाळल्यासारखा दिसतो. तिथेच सगळ्यात जास्त गाड्या बसतात. जानापावकडच्या मुरमाड वाटा यापेक्षा बऱ्याच बऱ्या, कारण मुरमातून पाणी निघून जातं.

२. गाडी रुतली असं लक्षात आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. बाकी सगळं यानंतर. चाक जागेवर फिरलं की ते फावड्याचं काम करतं: प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसायच्या जवळ येते. अर्ध्या तासाचं काम संध्याकाळपर्यंत जातं ते याच पहिल्या दोन मिनिटांतल्या घाईमुळे.

मग खाली उतरा. मुलांना आणि मोठ्यांना उतरवून कोरड्या, उंच बाजूला उभं करा. गाडीही तेवढी हलकी होते. आता वाकून बघा. चाकं कितपत गेलीत? धुरी किंवा चेसिस टेकली आहे का? आलो ती बाजू घट्ट आहे की पुढची? बहुतेक वेळा उत्तर मागेच असतं, कारण तुमच्याच चाकांनी ती वाट दाबून ठेवलेली असते. पुढे काय आहे हे अजून कुणालाच माहीत नसतं.

पोट टेकलेलं नसेल तर स्टिअरिंग सरळ करा, फोर लो (चारही चाकांना वेग कमी, ताकद जास्त) लावा, आणि हळू क्लच सोडून एकदा प्रयत्न करा. चाकानं एक पूर्ण फेरी घेतली आणि गाडी हलली नाही, तर थांबा. पोट टेकलं असेल तर प्रश्न १३ बघा, हा प्रयत्नही करू नका.

३. फोर हाय की फोर लो? आणि गिअर कोणता? ऑटोमॅटिकला काय करायचं?

चिखलात शिरण्यापूर्वीच ठरवा, आत गेल्यावर लिव्हरशी झटापट नको. थोडा पसरट चिखल वेगात पार करायचा असेल तर फोर हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगात). खोल, चिकट किंवा चढाचा असेल तर फोर लो आणि दुसरा गिअर. फोर लोमध्ये पहिल्या गिअरला ताकद इतकी येते की चाक लगेच जागेवर फिरायला लागतं. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावून दुसरा धरा.

ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चिखलात बंद करावं. चाक फिरलं की ते इंजिनाची ताकद कापतं, आणि नेमक्या गरजेच्या वेळी गाडी मरगळते. डांबरी रस्ता लागला की टू व्हीलवर या. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा यांच्यात पुढच्या-मागच्या धुरींचा वेग वेगळा ठेवायची सोय फोर व्हीलमध्ये नसते, म्हणून कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण गिअरवर येतो.

४. टायरमधली हवा कमी करायची म्हणतात. किती?

रस्त्यावर ३०-३२ पीएसआय ठेवत असाल तर चिखलात १८-२० पर्यंत आणा. १५ च्या खाली साध्या रिमवरून टायर निसटण्याची भीती असते, विशेषतः चाक वळवलेलं असताना. पण अपेक्षा बेताची ठेवा. महेश्वर-मंडलेश्वरकडे नर्मदेच्या वाळूत हवा कमी केल्यावर जो फरक पडतो, तो काळ्या मातीत पडत नाही. इथे अडचण खाचा भरण्याची असते. आणि गाडी पोटावर बसलेली असताना हवा काढली तर ती आणखी खाली येते. आधी खोदा, मग हवा.

परत भरायची सोय आधी करा. छोटा कॉम्प्रेसर नसेल तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जा, जोरात वळू नका.

५. सोबत नेमकं काय ठेवायचं? बजेट कमी आहे.

पहिल्यांदा फावडं. मजबूत, आखूड दांड्याचं, गाडीखाली हात घालून चालवता येईल असं. लोक पाच आकडी किमतीची विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) बसवतात आणि फावडं नसतं, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. त्यानंतर जाड फळीचा तुकडा, चार-पाच रिकामी पोती, चामडी हातमोजे, हेडटॉर्च. मग टायरची हवा मोजायचं मीटर आणि कॉम्प्रेसर. मग ओढायचा पट्टा आणि दोन बो-शॅकल (पट्टा अडकवायच्या, पिनेनं बंद होणाऱ्या लोखंडी कड्या). सगळ्यात शेवटी ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) आणि विंच.

शॅकलच्या बाबतीत काटकसर करू नका. पाऊण इंची, अंगावर ४.७५ टन असं ठळक उमटवलेलं घ्या. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात तसंच दिसणारं बिनछापाचं शॅकल निम्म्या किमतीत मिळेल. ते ताडपत्री बांधायला ठीक आहे, गाडी ओढायला नाही. पिन पूर्ण आवळून पाव फेरी उलटी सोडायची, म्हणजे ताण पडल्यावर ती जाम होत नाही.

६. टो-पट्टा, स्नॅच स्ट्रॅप, कायनेटिक रोप: सगळं एकच ना?

नाही, आणि हा घोळ धोक्याचा आहे.

टो-पट्टा सहसा पॉलिएस्टरचा असतो, तो जवळजवळ ताणत नाही. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हळू ओढून न्यायला तो उत्तम. त्याला झटका दिला तर सगळा धक्का हुकवर आणि चेसिसवर येतो, आणि काहीतरी तुटतं. स्नॅच स्ट्रॅप आणि कायनेटिक रोप नायलॉनचे. स्ट्रॅप साधारण २० टक्के ताणतो, रोप ३० टक्क्यांपर्यंत. ओढणारी गाडी पुढे जाते, दोर ताणत जातो, आणि आखडताना रुतलेल्या गाडीला सलग खेच देतो. टो-पट्ट्यासारखा कोरडा झटका बसत नाही, म्हणून तो उपयोगी.

वापरताना दोन्ही गाड्यांच्या मधे एक-दोन मीटर दोर सैल टाका. ओढणारी गाडी फोर लोमध्ये, ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर नको. रुतलेल्या गाडीच्या चालकानं दोर ताणला गेल्यावर हलकेच दुसरा गिअर द्यायचा. जमलं नाही तर वेग वाढवण्याऐवजी आणखी खोदा. दोराची तुटण्याची क्षमता दोन्हींपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फॉर्च्युनरसाठी घेतलेला जाड दोर जिम्नीला लावला तर तो ताणतच नाही, टो-पट्ट्यासारखा वागतो.

साखळीनं आणि लोखंडी केबलनं झटका कधीच द्यायचा नाही. ट्रकवाल्याचा जुना रस्सा तर नकोच. उन्हानं आणि तेलानं आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

७. दोर गाडीला कुठे अडकवायचा? बंपरमधलं ते स्क्रूचं हुक चालेल का?

ते स्क्रूचं हुक सरळ रेषेत हळू ओढण्यासाठी असतं. झटक्याला नाही, तिरक्या ओढीला नाही. झटक्यासाठी चेसिसला बोल्ट केलेला किंवा वेल्ड केलेला, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेलाच पॉइंट हवा. तो कुठे आहे हे घरी, कोरड्यात, आज बघून ठेवा. चिखलात पालथं पडून शोधायची ती गोष्ट नाही.

मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर लावायच्या गोळ्याला, दोर अडकवून झटका देऊ नका. तो गोळा त्या ताणासाठी बनलेलाच नसतो. तुटला तर दोरासकट बंदुकीच्या वेगानं उडतो आणि समोरच्या गाडीची काच भेदून आत जातो. जगभर माणसं याच चुकीनं गेली आहेत. स्टिअरिंगचे रॉड, धुरी, लीफ स्प्रिंग, बंपर यांनाही काही बांधायचं नाही.

दोर कमी पडला म्हणून दोन पट्टे शॅकलनं जोडणं हीसुद्धा तशीच चूक. एक तुटला की मधलं लोखंड सुटतं. एकाचा फास दुसऱ्यात ओवून घ्या आणि गाठीत गुंडाळी केलेलं जाड मासिक घाला. ओढून झाल्यावर ते काढलं की गाठ हातानं सुटते. नाहीतर ती कापावीच लागते.

८. ओढताना बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं?

दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, दोराच्या रेषेत अजिबात नाही. नऊ मीटरचा दोर असेल तर निदान तेरा-चौदा मीटर लांब. ताणलेला दोर ओलांडायचा नाही, एका सेकंदासाठीही. मधोमध ओली गोधडी किंवा जाड पोतं टाका, तुटला तर त्याचा जोर खाली जातो.

आपल्याकडे गाडी फसली की दहा मिनिटांत गर्दी जमते आणि अर्धे लोक मोबाइल घेऊन जवळ येतात. एका माणसाचं काम फक्त गर्दी मागे ठेवणं हेच असू द्या. खूण करणारा एकच, आणि त्याचा हात खाली आला की दोन्ही चालकांनी थांबायचं. गाड्यांत फक्त चालक. मागच्या सीटवर झोपलेलं मूल, पाय दुखतात म्हणून बसून राहिलेल्या आजी, सगळ्यांना आधी उतरवा.

९. दुसरी फोर बाय फोर नाही. गावातला ट्रॅक्टर चालेल का?

चालेल, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात चांगला उपाय. ट्रॅक्टर जड असतो, चाकं मोठी, ओढ सावकाश आणि सलग. पण तीन गोष्टी सांभाळायच्या.

एक, दोर ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्याला). वरच्या टॉप लिंकला किंवा सीटजवळच्या कुठल्याही भागाला बांधलं तर ओढ मागच्या धुरीच्या वर लागते, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. हे क्षणात होतं. पुढचं चाक जरा जरी हवेत आलेलं दिसलं की क्लच दाबायला सांगा. मडगार्डवर पोरं बसलेली असतात, त्यांना आधी उतरवा.

दोन, झटका नाही. गावाकडे साखळी लावून एकदम क्लच सोडायची सवय असते. गाडीत बसण्याआधी चालकाला स्पष्ट सांगा, ‘भैया, झटका मत देना, धीरे-धीरे खींचना.’ साखळी ताठ होईपर्यंत सावकाश, मग ओढ. जमलं तर साखळीऐवजी तुमचा टो-पट्टा लावा. इथे त्याचं न ताणणंच कामी येतं. कायनेटिक रोप ट्रॅक्टरला नको.

तीन, लांब दोर. ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर उभा राहील एवढा. नाहीतर प्रश्न २० वर यावं लागतं.

ट्रॅक्टर बोलावण्याआधी शेत कुणाचं आहे ते विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये बांधाच्या पलीकडे सोयाबीन उभं असतं, आणि गाडी वाचवायला ट्रॅक्टर त्यातून नेला तर एका माणसाचं पीक जातं. बांध फुटला असेल तर जायच्या आधी तो नीट करा. किती द्यायचं ते आधीच विचारा आणि पिकाचं नुकसान त्यात न मोजता वेगळं द्या. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘काका’ किंवा ‘दाजी’ म्हणून शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा पैशाचा विषय निघायच्या आधी चार माणसं फावडी घेऊन येतात. शहरातून आलेल्या गाड्यांबद्दल गावात नाराजी वाढते आहे, आणि ती आपल्याच वागण्यानं कमी होईल.

१०. जेसीबी मिळाली तर?

उत्तम, पण हळू. तिची ताकद इतकी की चुकीच्या जागी लावलं तर बंपर सहज उखडतं आणि चालकाला कळतही नाही. पट्टा बकेटच्या दातांना अडकवू नका, धारेनं कापतो. गाडी उचलायची नाही, फक्त सरळ ओढायची. जागा कुठली, ते प्रश्न ७ मध्ये.

११. विंच घ्यावी का? किती क्षमतेची?

नेहमी एकटे जात असाल तर घ्यावी. वर्षातून दोन रविवार जात असाल आणि सोबत दुसरी गाडी असेल तर दोर पुरतो.

क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट. जिम्नीचं भरलेलं वजन दीड टनाच्या आसपास, म्हणून सव्वादोन टन पुरते. थार किंवा गुरखासाठी चार टनांच्या जवळची घ्या. लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. केबलचे थर चढत जातात तशी ओढ कमी होते. म्हणून जास्तीत जास्त केबल बाहेर काढून ओढणं फायद्याचं. ड्रमवर लोखंडी केबलचे निदान पाच, सिंथेटिक दोराचे दहा वेढे मात्र राहिलेच पाहिजेत. पुली लावून दोर परत स्वतःच्या गाडीला आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पण झाडावरही दुप्पट ताण येतो, म्हणून झाड तसंच मजबूत बघा.

ओढताना इंजिन चालू ठेवा, विंच बॅटरीतून शेकडो अॅम्पिअर खेचते. सलग मिनिटभर चालवून तिला गार होऊ द्या. विंच बसवायला दुकानदार लोखंडी बुलबार (बंपरपुढची चौकट) सुचवतील. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये राज्यांना तसं कळवलं आहे. एअरबॅगचे सेन्सरही त्यानं बिघडतात.

१२. उघड्या माळावर झाडच नाही. विंच बांधायची कशाला?

पहिला पर्याय दुसरी गाडी, घट्ट जमिनीवर, चाकांखाली दगड लावून. तीही नसेल तर स्टेपनी जमिनीत पुरतात. ओढीच्या दिशेला आडवा चर खणा, निदान मीटरभर खोल. स्टेपनीच्या मधल्या भोकातून मजबूत लोखंडी रॉड किंवा पट्टा ओवून ती चरात उभी करा आणि माती भरून दाबा. गाडीच्या दिशेला दोर निघायला तिरका छोटा चर काढा, म्हणजे तो वर उचलणार नाही. ओल्या काळ्या मातीत याला तासभर लागतो आणि घाम निघतो. उकरून काढायलाही तेवढाच वेळ लागतो. पण काम होतं.

झाड असेल तर बुंध्याला रुंद पट्टा, जमिनीपासून जेवढा खाली घेता येईल तेवढा. केबल थेट झाडाला गुंडाळू नका. साल सोलली की झाड वाळतं.

१३. पोट टेकलंय. चारही चाकं फिरतात, गाडी इंचभर हलत नाही.

इथे ताकदीचा उपयोग नाही, खोदायचंच आहे. सैन्यातले लोक एक अंदाज वापरतात: गाडी चाकांपर्यंत बुडाली की तिला ओढायला तिच्या वजनाएवढी ताकद लागते, मडगार्डपर्यंत गेली की दुप्पट, त्याहून वर तिप्पट. साधारण पावणेदोन टनांची थार मडगार्डपर्यंत गेली की साडेतीन टन ओढावं लागतं. एवढा भार कुठल्याही हुकला जड आहे. उलट अर्धा तास खोदलं की तोच आकडा झपाट्यानं उतरतो.

खोदायचा क्रम असा. आधी प्रत्येक चाकाच्या पुढची (मागे काढायची असेल तर मागची) माती, तिरकी काढून उतार तयार करा. उभी भिंत राहिली तर चाक तिलाच धडकतं. मग डिफरन्शियलचा गोळा. तो नांगराच्या फाळासारखा अडतो आणि बाहेरून दिसत नाही. हात घालून मोकळा झाल्याची खात्री करा. शेवटी चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांखालून दांडा आरपार जाईल एवढी जागा करा. काळी माती पोटाला चिकटून धरते, आणि खालून हवा शिरेपर्यंत सोडत नाही. दांडा आरपार गेला की पुष्कळदा ‘फच्च’ असा आवाज येऊन गाडी किंचित सैल होते. हा आवाज आला की निम्मं काम झालं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात किंवा डोकं घालू नका. वर सांगितलेलं सगळं खोदकाम गाडी जमिनीवर टेकलेली असतानाच करायचं.

१४. चाकाखाली काय टाकावं? फ्लोअर मॅट चालतात का?

मॅट चाकाखालून मागे उडतात आणि फाटतात. पोती थोडी मातीनं भरून टाकली तर चांगली. सपाट दगड, विटांचे तुकडे, सोयाबीनचं जुनं कुटार, पळसाच्या पानांसकट फांद्या, हे सगळं चालतं. बाभळीच्या फांद्या नकोत, तिचा काटा टायर भेदतो आणि रुतलेल्या गाडीचं पंक्चर काढणं फार जड जातं. दगड घेताना शेतकऱ्याचा रचलेला बांध मोडू नका. ट्रॅक्शन बोर्ड असेल तर दात चाकाला भिडतील असा खोचा आणि चाक अगदी हळू फिरवा. जोरात फिरवलं तर दात वितळतात.

१५. हाय-लिफ्ट जॅक उपयोगी आहे का?

अनुभवी हातात आहे. खाली फळी हवीच, नाहीतर जॅक मातीत जातो आणि गाडी जागेवरच राहते. त्याचा दांडा भार असताना सुटला तर जबडा मोडतो. तोंड कधीही दांड्याच्या रेषेत नको. नवीन माणसानं गाडीसोबतचा जॅक आणि फळी वापरावी.

१६. रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहतंय. माझ्या गाडीची वेडिंग डेप्थ (किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते ते) ६५० मिलिमीटर आहे. जाऊ?

जाऊ नका. हा प्रश्न चिखलाचा नाही, पण दर पावसाळ्यात येतो आणि याचंच उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. थारचे ६५० किंवा गुरखाचे ७०० मिलिमीटर हे स्थिर पाण्याचे आकडे. वाहतं पाणी गाडीला बाजूनं ढकलतं, आणि पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेला लागलं की गाडी हलकी होऊन सरकते. रपट्याला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, गढूळ पाण्यात त्याची कड दिसत नाही, आणि मधला काँक्रीटचा तुकडा वाहून गेला असेल तर तेही दिसत नाही. विंध्याच्या कडेला पाऊस वर कुठेतरी पडतो आणि इथे कोरडं असताना नाला भरून येतो. पाणी उतरेपर्यंत थांबा, नाहीतर लांबून जा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. माणसं बाहेर काढा, गाडी नंतर.

१७. गाडी उतारावर तिरकी अडकलीय, एक बाजू खाली झुकलीय.

कायनेटिक रोप इथे वापरायचा नाही, झटक्यानं गाडी लवंडते. आधी वरच्या बाजूच्या घट्ट जागेतून गाडी बांधून ठेवा, म्हणजे ती आणखी खाली जाणार नाही. मग सरळ ओढीची विंच, सावकाश. खालच्या बाजूला एकही माणूस नको, हातानं ढकलून धरायला तर मुळीच नको. शंका असेल तर जाणत्या माणसाची वाट बघा.

१८. एकटा आहे, अंधार पडलाय, मोबाइलला रेंज नाही.

गाडीजवळच थांबा. रात्री अनोळखी रानात चालत जाणं गाडी रुतण्यापेक्षा वाईट. रेंजची एखादी रेघ आली की आधी लोकेशन पाठवा, मग फोन. अडचण गंभीर असेल तर ११२. एसी लावून आत बसायच्या आधी सायलेन्सरचं टोक बघा. ते चिखलात बुडालेलं असेल तर विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. टोक मोकळं करता येत नसेल तर इंजिन बंद, काच थोडी खाली.

१९. जंगलातल्या वाटेवर फसलो, वन विभागाला कळवायचं का?

हो, लपवू नका. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी नेणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि रालामंडलसारख्या अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. तिथे ट्रॅक्टर, जेसीबी परस्पर आत बोलावलं, फांद्या तोडल्या, तर प्रकरण वाढतं. वन चौकीवर जाऊन सांगा. आणि पुढच्या वेळी परवानगी घेऊनच जा. पावसाळ्यात त्या वाटांवर पडलेली चाकोरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते.

२०. ओढायला आलेली गाडीही रुतली. आता?

दोघांनी एकमेकांना ओढायचं नाही. आधी जी कमी रुतली तिला मोकळं करा, तीही खोदून. घट्ट जमिनीवर नेऊन तिथून लांब दोर लावा. तिसरी गाडी बोलवाल तर तिला पन्नास पावलं अलीकडेच थांबवा आणि मधला रस्ता पायी चालून बघा. जिथे टाच रुतते तिथे गाडीही रुतेल.

२१. बाहेर आल्यावर घरी काय करायचं?

रिमच्या आतल्या बाजूची माती त्याच दिवशी धुवा. ती वाळली की चाकाचा तोल जातो आणि दुसऱ्या दिवशी बायपासवर साठच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागतं. रेडिएटरच्या जाळीत माती असेल तर कमी दाबाच्या पाण्यानं काढा, जोराच्या फवाऱ्यानं जाळी वाकते. ब्रेक तपासा. धुरी पाण्यात होती तर डिफरन्शियलचं तेल बघा; दुधासारखं दिसलं तर बदला. दोर आणि पट्टे साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. ओलं नायलॉन कमजोर पडतं आणि मातीचे कण धागे आतून कापतात. एकही काप दिसला तर तो पट्टा सामान बांधायला ठेवा.

२२. काहीच जमलं नाही, गाडी तिथेच सोडून यावी का?

कधीकधी तोच शहाणा निर्णय असतो, विशेषतः पाऊस चालू असताना आणि अंधार पडताना. गाडी नाल्याच्या पात्रात असेल तर मात्र सोडू नका. रात्रीत पाणी येऊ शकतं, तिथे कितीही खर्च आला तरी त्याच दिवशी काढा. शेतरस्त्यावर असेल तर जवळच्या घरी सांगा, फोन नंबर द्या, वाट अडत असेल तर किती वेळ अडेल ते कळवा. मौल्यवान वस्तू आणि कागद काढून घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल्या मातीत तो रात्रभरात धरून बसतो. चाकाच्या खुणेशेजारी काठी रोवून मातीच्या पातळीला खूण करा. सकाळी गाडी आणखी खाली गेली का ते कळतं.

आणि फार दिवस ठेवू नका. काळी माती वाळली की चाकांभोवती आवळते, आणि मग फावड्याच्या जागी कुदळ लागते.